आधी फोन ऐकावेत

वेबसाइट करून घ्यायला येणाऱ्या व्यावसायिकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: तयार टेम्प्लेट घ्यायचं, की सगळं नव्यानं बांधून घ्यायचं? मी लगेच उत्तर देत नाही. त्याच्या दुकानात नाहीतर कचेरीत जाऊन बसतो आणि येणारे फोन ऐकतो. गिऱ्हाईक फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारतं, त्यात उत्तर सापडतं. मालकाला आवडलेल्या रंगात किंवा शेजारच्या स्पर्धकाच्या वेबसाइटीत ते सापडत नाही.

देवगडच्या एका हापूस बागायतदारांचं काम आलं तेव्हाही हेच केलं. एप्रिलचे दिवस होते. पडवीत गवताच्या आढ्या लावलेल्या, एका बाजूला पेट्या भरणं चाललेलं, आणि फोन काही थांबत नव्हता. "काका, पाच डझनी पेटी केवढ्याला?" हा प्रश्न सोपा. त्याला कुठलंही टेम्प्लेट पुरतं. वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवलं की माल, त्याचे आकार, दर, कार्ट, पैसे भरणं हे सगळं आयतं मिळतं. चार, पाच, सहा डझनी असे पर्याय टाकायला एक दुपार पुष्कळ झाली.

मग ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. "अक्षय्यतृतीयेला नैवेद्याला हवाय. तोवर तयार होईल ना?" बागायतदारांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं, मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "ताई, तुमची पेटी चार दिवस आधी लावतो. फळ हिरवट दिसेल, घाबरू नका. उघडून गवतातच राहू द्या."

त्यांचा सगळा धंदा या उत्तरात होता. दुकानाचं टेम्प्लेट असं धरून चालतं की माल गोदामात पडून आहे आणि आज आहे तसाच तो आठ दिवसांनीही असेल. हापूसचं तसं नाही. फळ कधी उतरवायचं, या उन्हात ते किती दिवसांत पिकेल, मालाची गाडी कुठल्या दिवशी सुटते, सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्यात हंगाम पुढे सरकतो तसा दर उतरत जातो. 'शिल्लक पेट्या ४०' असा आकडा दाखवून त्यांचं काहीच भागणार नव्हतं. कुठल्या आठवड्यात किती पेट्या निघतील ते रोज संध्याकाळी मोबाइलवरून भरता यावं, आणि गिऱ्हाइकानं पिनकोड व खाण्याची तारीख टाकली की पेटी कधी निघेल ते तिथंच कळावं, एवढं त्यांना हवं होतं.

म्हणून काही सगळी वेबसाइट नव्यानं बांधायची नसते. बागेची माहिती, फोटो, पत्ता, पैसे भरणं हे साध्या थीमवर ठेवलं. नोंदणीचं एक पान तेवढं स्वतंत्र लिहिलं आणि माझे बहुतेक कष्ट त्याच पानावर गेले. धंदा जिथं चारचौघांसारखा असतो तिथं टेम्प्लेट घ्यावं, जिथं वेगळा असतो तिथंच बांधकामाला पैसा लावावा, असं माझं ठाम मत आहे. दातांचा दवाखाना, करसल्लागार, क्लासेस यांना स्वतंत्र बांधणी सहसा लागतच नाही. तसं सुचवणाऱ्याला कारण विचारावं.

"पण टेम्प्लेट सगळ्यांसारखंच दिसतं हो!" ही तक्रार नेहमीची. ते तसं दिसतं, कारण त्यातले फोटो आणि मजकूरही टेम्प्लेटवाल्याचेच राहिलेले असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगडच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शहरात दुसरीकडचा आंबा देवगडचा म्हणून गळ्यात मारला जातो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या मनात शंका असतेच. अशा वेळी पहिल्याच पानावर मानांकनाचं प्रमाणपत्र आणि स्वतःच्या बागेचा फोटो असला, की सरकत्या चित्रांची गरज उरत नाही. पानही हलकं होतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा निकष आहे, आणि मोबाइलवरून थेट चढवलेले अवजड फोटो तो सहज मोडतात.

मराठी मजकुराकडे मात्र जवळून बघावं लागतं. बहुतेक टेम्प्लेटं रोमन अक्षरांवर बेतलेली असतात. शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून त्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'देवगड' हा शब्द सुट्या तुकड्यांत लोंबू लागतो. ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात. पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते. ती मराठी केली की काही फॉन्ट आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवू लागतात. लाखाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो, तोही हलवावा लागतो. ही सगळी दुरुस्ती थोड्या ओळींची आहे. त्यासाठी टेम्प्लेट टाकून देऊ नये; पण जो कारागीर ही दुरुस्ती न करता काम हातावेगळं करतो, त्याच्याकडे मराठी वेबसाइट देऊ नये.

खर्चाचा विचार पहिल्या बिलावर थांबतो, हे मला सर्वांत खटकतं. स्वतंत्र बांधलेली वेबसाइट लिहिणारा माणूस उद्या दुसरीकडे गेला, तर ती उघडून समजून घेणारा मिळाला पाहिजे. टेम्प्लेटवर प्लगइनांची गर्दी केली, तर ती वेळच्या वेळी अपडेट करणारं कोणीतरी पाहिजे. जुनं प्लगइन म्हणजे चोराला उघडा दरवाजा. महिन्याच्या भाड्यावर चालणाऱ्या काही सेवांवरून तर वेबसाइट उचलून दुसरीकडे नेताच येत नाही. २००३ साली आलेलं वर्डप्रेस मुक्त परवान्याचं असल्यानं ते कुठल्याही होस्टिंगवर हलवता येतं, आणि ते जाणणारा माणूस जिल्ह्याच्या गावीही सापडतो. लहान व्यावसायिकाला मी ते सुचवतो ते याचसाठी.

कोटेशनवर सही करण्याआधी दोन गोष्टी कराच. आठवडाभर येणाऱ्या फोनवरचे प्रश्न एका वहीत लिहून ती वही वेबसाइट करणाऱ्याच्या हातात द्या. आणि टेम्प्लेट असो वा स्वतंत्र बांधणी, डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवून घ्या.