अर्धवट मालाचे पूर्ण गिऱ्हाईक

अर्धवट वस्तूला रोख पैसे मोजण्याची कला आपल्या मध्यमवर्गाला कुणी शिकवायला नको. ज्या इमारतीचा पाया अजून खणायचाय, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तुळस डावीकडे ठेवायची की उजवीकडे, यावर आपल्याकडे नवरा-बायकोत अबोले झालेले आहेत. न छापलेल्या पुस्तकाची प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करून पावती देवाजवळ ठेवणारी माणसंही आपल्यातलीच. त्यामुळे पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, मी एक गेम विकत घेतलाय, पण तो अजून तयार व्हायचाय," तेव्हा मी दचकलो नाही. "ताबा कधी?" एवढंच विचारलं.

"तारीख नाही. अर्ली ॲक्सेस आहे."

या धंद्याची रीत अशी. एकटादुकटा माणूस किंवा चारपाच जणांचं टोळकं गेम करायला बसतं. पाठीशी मोठी कंपनी नाही, गाठीशी पैसा नाही. मग जेवढा झालाय तेवढाच विकायला काढायचा आणि आलेल्या पैशांत उरलेला पुरा करायचा. मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली 'माइनक्राफ्ट' असाच कच्चा असताना जवळजवळ निम्म्या किमतीत विकायला काढला; पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर २०११ मध्ये. मार्च २०१३ मध्ये 'स्टीम' या दुकानाने अशा मालासाठी वेगळी फळीच मांडली. 'हेडीझ' हा गेम डिसेंबर २०१८ मध्ये कच्चा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पक्का झाला. 'डेझी'ला मात्र २०१३ चा डिसेंबर ते २०१८ चा डिसेंबर अशी पाच वर्षं लागली. आणि 'स्पेसबेस डीएफ-९' हा २०१३ मध्ये विक्रीला आला, २०१४ मध्ये 'पूर्ण' म्हणून जाहीर झाला, आणि योजलेल्या कितीतरी गोष्टी त्यात आल्याच नाहीत.

दुकानदार मात्र सरळ. आज आहे तसा खेळायची हौस नसेल तर थांबा, अशी पाटीच लावतो. शिवाय जून २०१५ पासून, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झालं असेल, तर पैसे परत. असा बिल्डर मला एकही भेटलेला नाही.

खरी गंमत पुढे आहे. पैसे दिले की माणसाला मत फुटतं! काही जण 'टाकाऊ गेम' असा शेरा मारतात, आणि शेजारीच दुकानदाराने छापलेलं असतं : खेळून झालेले तास, चारशे. तीनदा श्रीखंड मागून घेऊन शेवटी 'आंबट होतं' म्हणणारा पाहुणा तो हाच. दुसरे असतात ते उपजत इंजिनियर. यांना शेतीच्या गेममध्ये रणगाडे हवे असतात. तिसरे फक्त "कधी होणार?" विचारतात, नव्या जोडप्याला "काय मग, गोड बातमी?" विचारणाऱ्या मावशींच्या सुरात.

पुतण्याच्या गेममधला शेतकरी एके दिवशी विहिरीत पडला आणि वर येईना. पुतण्याने लिहिलं, 'भिकार गेम. पैसे पाण्यात.' यातला उत्तरार्ध अक्षरशः खरा होता, कारण शेतकऱ्याच्या कमरेला थैली होती.

मी म्हटलं, "अरे, डॉक्टरकडे जाऊन 'भिकार शरीर' म्हणतोस का? की कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लंस ते सांगतोस?"

तो थोडा फुगला, पण त्याने पुन्हा लिहिलं : 'पावसाळ्याचा तिसरा दिवस. हातात भरलेली बादली. विहिरीच्या कठड्यावरून उडी मारली की माणूस आत पडतो, वर येत नाही. दोनदा करून पाहिलं. बाकी पाऊस फार छान पडतो.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. करणारा एकटाच होता. त्याने लिहिलं होतं, 'तीन आठवडे ही चूक शोधत होतो. बादलीचं लक्षातच आलं नाही. आणि पाऊस आवडल्याचं सांगितलंत, बरं वाटलं. चार महिने त्यावर घालवले होते, पण पावसाबद्दल कुणी बोललंच नव्हतं.'

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही घटना ऐतिहासिक आहे.

याचा अर्थ गोड बोलून गप्प बसावं असा नाही. पैसे घेऊन महिनोन् महिने मूग गिळून बसणाऱ्याला जाब विचारायलाच हवा, आणि तोही चारचौघांत, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक सावध होतं. पण विचारायचं ते कामाबद्दल. त्याच्या अकलेबद्दल आणि आईवडिलांबद्दल नव्हे. तो इसम रात्री दोन वाजता एकटाच सगळं वाचत बसलेला असतो, आणि शंभर शिव्यांतून बादली शोधत असतो.

कच्चा गेम घेणं म्हणजे फोडणी चालू असताना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसणं. तिथे मीठ कमी आहे हे सांगायलाच हवं. त्यासाठीच तर आत बोलावलंय. भांडी आदळायची नसतात, एवढंच. आणि दर पाच मिनिटांनी "पान कधी वाढताय?" विचारलं, तर पोळी करपते ती आपलीच.