उलथणं उभं राहिलं, की…

होळीच्या आठवड्यात माझ्या रेसिपीच्या साइटवर वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी व्हायची. जाहिरातींच्या पैशांतून घरभाडं निघायचं. आता सर्च केलं की पुरणपोळीची कृती वरच आयती लिहून येते. खाली माझ्या लिंकपर्यंत कोण येणार?

सर्च इंजिनला आवडावं म्हणून मी लेखात ‘सोपी पुरणपोळी’ दहादा कोंबलं होतं. आईचं वाक्य मात्र लांबण नको म्हणून काढलं होतं: ‘पुरणात उलथणं उभं राहिलं, की समजायचं झालं.’

ज्यांच्या मर्जीवर आपण जगतो, ती सर्च इंजिनंही कायमची नसतात. १९९५ साली सुरू झालेलं अल्टाव्हिस्टा २०१३मध्ये बंद झालं.

भाड्यासाठी सध्या शिकवण्या घेतेय. आईचं वाक्य आज परत टाकलं.