मेणवलीच्या घाटावर

उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे आम्हां मास्तरांचें बिऱ्हाड वाईस येतें. पहांटे कृष्णास्नान, मग रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या ढोल्या गणपतीचें दर्शन, दुपारीं आढींतले पिकले आंबे निवडणें, आणि उन्हें कलल्यावर आमचा चित्रें काढण्याचा नाद! कुटुंबाच्या मतें हा निव्वळ कागदांचा नास आहे, असो.

यंदा मातोश्रींस घेऊन जवळच्या मेणवलीस गेलों. नाना फडणिसांच्या वाड्यामागें चंद्रकोरीसारखा घाट आहे. तेथील प्रचंड घंटा १७३९ च्या वसईविजयानंतर पोर्तुगीज चर्चमधून आलेली. तिच्यावर बाळ येशूसह मेरीमाता आहे. मातोश्रींनीं तिलाही हात जोडले.

आम्ही घंटेचें चित्र काढूं लागलों आणि देहभान विसरलों. मान वर केली तों मातोश्री जवळ नाहींत! कृष्णेचें पाणी आणावयास त्या एकट्याच उतरल्या होत्या, आणि परततांना गुडघे धरल्यामुळें मधल्याच पायरीवर बसल्या होत्या.

"आई, हाक कां नाहीं मारलीस?" आम्ही रागानेंच विचारलें.

"तुझी रेघ मोडली असती रे."

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघें त्याच पायरीवर बसून होतों. तांब्यांतलें पाणी मात्र त्यांनीं थेंबभरही सांडूं दिलें नव्हतें.