पांखरांच्या उवा

'ऊ' हा शब्द उच्चारतांच सभ्य घरांत सर्वांच्या कपाळास आंठ्या पडतात, हें आम्ही जाणून आहों. ज्या वार्षिकांत क्रीडामहोत्सवाचा वृत्तांत व बक्षिसें मिळविणाऱ्यांचीं नांवें छापावयाचीं, त्यांत ह्या क्षुद्र जीवास दोन पानें द्यावीं हें कांहीं पालकांस रुचणार नाहीं. त्यांची भीति आधींच दूर करितों. ज्या उवांविषयीं आम्ही लिहीत आहों त्या मनुष्याच्या केसांत राहावयास येत नाहींत. त्यांना रक्त शोषणारी सोंड नसते, जबडे असतात. आणि त्या जबड्यांनीं त्यांपैकीं बहुतेक पक्ष्यांचीं मऊ पिसें कुरतडून खातात. केसांच्या उवा व ह्या उवा यांचें नातें आहे, परंतु तें दूरचें आहे.

ह्या उवेचें सारें आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जातें. तिला पंख नाहींत, पिसवेसारखी उडी मारतां येत नाहीं. अंडें ती पिसाला चिकटवून ठेविते. त्यांतून निघालेलें पिलूं तीनदां कात टाकून मोठें होतें. आणि पक्ष्यावरून खालीं पडली तर थोड्याच दिवसांत ती मरते. एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जाण्याची संधि तिला मिळते ती बहुधा दोन पक्षी एकमेकांस भिडले म्हणजेच; घरट्यांत आईकडून पिलांकडे, किंवा नराकडून मादीकडे. अशा रीतीनें एकाच जातीच्या पांखरांवर असंख्य पिढ्या काढल्यावर त्या उवेची जातहि निराळी होऊन बसते. म्हणूनच ह्यांचे प्रकार इतके! इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जगाच्या सूचींत कुरतडणाऱ्या उवांच्या ४,४६४ जाति नोंदविलेल्या आहेत. त्यांत कांहीं सस्तन प्राण्यांवरील आहेत, पण फार मोठा भाग पक्ष्यांवरील आहे.

आम्ही राहतों त्या नेरूळजवळच्या एका कोळीवाड्यांत एक वृद्ध गृहस्थ कबुतरें पाळतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्याकडे आम्ही प्रथम गेलों तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, कबुतरें मागायला पुष्कळ येतात, उवा मागायला आलेले तुम्हीच पहिले!" तथापि त्यांनीं एक पांढरें कबुतर हातांत धरून त्याचा पंख उन्हासमोर पंख्याप्रमाणें उघडून दाखविला. पिसाच्या दोन तंतूंच्या मधल्या फटींत बारीक काळसर रेघा दिसत होत्या. प्रथम पाहणाऱ्यास त्या पिसाचाच भाग वाटाव्यात. काकांनीं नख लावतांच एक रेघ सरसर चालूं लागली. दोन-अडीच मिलिमीटर लांब, सुतासारखी सडपातळ! लिनिअस ह्या स्वीडिश पंडितानें १७५८ सालींच हिचें नांव नोंदविलें आहे. हल्लीं तिच्या कुळास 'कोलंबिकोला' म्हणतात, म्हणजे 'कबुतरवासी'. त्याच कबुतराच्या पोटाकडील पिसांत आणखी एक ऊ होती, पण ती आंखूड व गोलसर. दोघींचें घर एकच, परंतु खोल्या वेगळ्या. पंखावरची लांबट आहे, कारण तिला फटींत दडावयाचें असतें. पोटावरची आंखूड आहे, कारण ती मऊ पिसांत बुडी मारून निसटते. दोघींनाहि भय एकच, आणि तें म्हणजे कबुतराची चोंच. कबुतराच्या वरच्या चोंचीचें टोंक खालच्या चोंचीवर किंचित् वळलेलें असतें. तेवढें टोंक घासून टाकलें तर त्या कबुतरावर उवा बेसुमार वाढतात, असें प्रयोगानें सिद्ध झालें आहे. आमच्या नित्य पाहण्यांतल्या कबुतराच्या चोंचीवरील हा बारीकसा आंकडा कशासाठीं, हें विचारण्याचें आम्हांस तोंवर सुचलें नव्हतें.

अमेरिकेंतील यूटा येथील शास्त्रज्ञांनीं तर ह्याच उवा मोठ्या चणीच्या कबुतरांवर सोडून चार वर्षें, म्हणजे उवांच्या सुमारें ६० पिढ्या, त्यांच्यावर नजर ठेविली. २०१९ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं मोठ्या कबुतरांवरील उवाहि आकारानें मोठ्या झाल्या. फटी रुंद, म्हणून त्यांत घट्ट बसणारीं शरीरें तेवढीं चोंचींतून वांचलीं.

आतां समजा, एखाद्या पक्ष्यावर अशी ऊ सांपडली कीं तिचें वर्णन कोणत्याच ग्रंथांत नाहीं. मग तिचें नांव ठेवावयाचें. पण हें काम घरच्या बारशाइतकें सोपें नाहीं. प्रथम ती अल्कोहोलांत ठेवावी लागते. आणि एका पक्ष्याच्या उवा एका कुपींत, दुसऱ्याच्या दुसऱ्या कुपींत, हा नियम कधीं मोडावयाचा नाहीं. दोन पांखरें एका पिशवींत घातलीं कीं सारें काम फुकट गेलें म्हणून समजावें. नंतर दाहक पोटॅशच्या द्रवानें शरीरांतील मांस विरघळवितात. मागें राहतें तें बाहेरचें पारदर्शक कवच. तें धुवून, काचपट्टीवर कॅनडा बाल्समांत बसवून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतात. मग मोजमाप सुरू होतें. डोकें किती लांब, किती रुंद. पोटाच्या प्रत्येक वळ्यावर केस किती, लांब कोणते, आंखूड कोणते. नराचीं जननांगें कोणत्या घडणीचीं. एकच नमुना पुरत नाहीं, नर-माद्या दोन्ही हव्यात, आणि होतील तितक्या अधिक हव्यात. त्यानंतर पूर्वीं वर्णिलेल्या सर्व नातलग जातींशीं ताडून पाहावयाचें, व त्यांचे मूळ नमुने तर लंडनपासून दूरदूरच्या संग्रहालयांत विखुरलेले! एवढें झाल्यावर एक नमुना नांवाचा धनी म्हणून निवडून संग्रहालयांत कायमचा ठेवितात, दोन शब्दांचें लॅटिन धाटणीचें नांव योजितात, आणि चित्रासह वर्णन छापून प्रसिद्ध करितात. नांव ठेवणारानें तें स्वतःचें ठेवूं नये असा शिष्टाचार आहे. दुसऱ्याचें ठेवण्यास हरकत नाहीं. घुबडावरील एका उवेस डेल क्लेटन ह्या संशोधकानें गॅरी लार्सन नांवाच्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचें नांव दिलें आहे.

आमच्या देशांतहि हें काम झालेलें आहे. अलीगढचे कादरी ह्यांनीं १९३६ मध्यें उत्तर हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या ह्या उवांवर लेख प्रसिद्ध केला. पुढें लखनौचे टंडन ह्यांनींहि ह्या विषयांत नांव मिळविलें. लंडनच्या संग्रहालयांतील थेरेसा क्ले (१९११–१९९५) ह्या विदुषीनें तर सारें आयुष्य ह्याच जीवांच्या अभ्यासास वाहिलें, आणि हॉपकिन्स ह्यांच्या साहाय्यानें १९५२ मध्यें जगांतील जातींची सूचि सिद्ध केली.

ह्या साऱ्या व्यापांत आमच्या मतें सर्वांत नाजूक वस्तु ती काचपट्टीवरील कागदाची चिठ्ठी होय. कोणता पक्षी, कोणतें ठिकाण, कोणता दिवस, कोणी गोळा केलें, एवढ्या चार गोष्टी तीवर असतात. ऊ स्वतः बोलत नाहीं, तिच्या वतीनें चिठ्ठी बोलते. ती चुकली किंवा खोटें बोलली म्हणजे काय होतें त्याच्या दोन कथा सांगतों.

अमेरिकेंत एके काळीं 'प्रवासी कबुतर' म्हणून पक्षी होता. त्याचे थवे आकाश झांकीत. माणसांनीं त्याची इतकी हत्या केली कीं १९१४ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांतलें शेवटचें पांखरूं मेलें. त्याच्यावरील एका उवेचें वर्णन १९३७ मध्यें झालें, आणि ती पक्ष्याबरोबरच नष्ट झाली असें समजून तिला 'एक्स्टिंक्टस' म्हणजे 'नामशेष' हेंच नांव दिलें गेलें. १९९९ मध्यें तीच ऊ अमेरिकेंतल्याच दुसऱ्या एका कबुतराच्या अंगावर सुखानें नांदत असल्याचें उघडकीस आलें! त्याच नष्ट पक्ष्याच्या नांवें १९६९ मध्यें आणखी एक ऊ वर्णिली गेली होती. ती पुढें ऑस्ट्रेलियांतील कबुतरांची ठरली. चिठ्ठीवरचें पांखरूं एक व उवेचें खरें पांखरूं दुसरेंच.

ही झाली चूक. दुसरी कथा लबाडीची आहे, आणि ती आमच्या खानदेशाची आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा इंग्रज सेनाधिकारी पक्ष्यांचा व उवांचा मोठा संग्राहक म्हणून गाजला होता. मुंबईचे सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हे १९३७ मध्यें त्याच्याबरोबर अफगाणिस्तानांत पक्षी पाहावयास गेले होते, आणि थेरेसा क्ले ह्यांच्यासह त्यानें उवांच्या नव्या जातींस नांवेंहि दिलीं. त्याच्या संग्रहांत रानपिंगळ्याचें एक कातडें होतें. १९१४ मध्यें आपण तें गुजरातेंतील मांडवी येथें मिळविलें अशी त्याची चिठ्ठी. कित्येक पिढ्या अभ्यासकांनीं तिजवर विश्वास ठेविला. पामेला रासमुसेन ह्या विदुषीनें तें कातडें पुन्हां बारकाईनें तपासलें, तेव्हां तें जेम्स डेव्हिडसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें १८८० नंतरच्या दशकांत खानदेशांत मिळविलेलें, संग्रहालयांतून चोरून नव्या चिठ्ठीनें सजविलेलें असल्याचें सिद्ध झालें. खोटी चिठ्ठी बाजूस सारून त्यांनीं जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरिला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळच्या रानांत, शंभरांहून अधिक वर्षें कोणाहि अभ्यासकास न दिसलेला तो रानपिंगळा त्यांच्या मंडळीस झाडावर बसलेला आढळला. ज्या हातानें पक्ष्याची चिठ्ठी खोटी लिहिली त्याच हातानें उवांच्या हजारों काचपट्ट्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. त्यांतल्या खऱ्या किती, हें ठरवावयाचें ओझें मागून येणाऱ्यांच्या शिरावर पडलें.

आतां आमच्या घराजवळच्या पक्ष्याकडे येतों. हिंवाळा लागला कीं ठाण्याच्या खाडींत रोहित पक्षी, ज्यांना वर्तमानपत्रें फ्लेमिंगो म्हणतात, कच्छाच्या रणाकडून व इतर ठिकाणांहून येतात. ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या चिखलांत मान उलटी करून चरणारे त्यांचे गुलाबी थवे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. एकूण संख्या लाखाच्या वर जाते असा जाणत्यांचा अंदाज आहे. खाडीचा हा भाग २०१५ मध्यें अभयारण्य झाला, व २०२२ मध्यें त्याची रामसर पाणथळांच्या जागतिक यादींत गणना झाली.

रोहिताचे सगेसोयरे कोण, हा पंडितांचा फार जुना वाद. पाय बगळ्या-करकोच्यासारखे लांब, चोंचींत बदकासारखी गाळणी. हक्सलेनें १८६७ मध्यें त्याला दोहोंच्या मध्यें स्वतंत्र जागा देऊन वाद मिटविण्याचा यत्न केला, पण तो मिटला नाहीं. मग उवांची साक्ष काढण्यांत आली. रोहिताच्या अंगावर 'अनाटिकोला' इत्यादि तीन कुळांच्या उवा सांपडतात, त्याच बदकांवरहि सांपडतात. 'अनाटिकोला' ह्या नांवाचा अर्थच मुळीं 'बदकवासी'. तेव्हां रोहित हा बदकांचा भाऊबंद, असा निकाल हॉपकिन्स-क्ले यांच्या काळीं पुष्कळांस पटला. पुढें बदकें तर कोंबड्यांच्या गोत्राचीं ठरलीं. तेव्हां तर्क फिरला: उवा बदकांवरून रोहितावर गेल्या असाव्यात. २००१ मध्यें रक्तामांसांतील जनुकांची परीक्षा झाली आणि रोहिताची सख्खी बहीण म्हणून जी पुढें आली ती कोण म्हणाल? टिबुकली! डबक्यांत बुड्या मारणारी, मुठीएवढी, पायांनीं तोकडी टिबुकली. ऐकून आम्हीं स्वतः दोनदां वाचून खात्री करून घेतली. शेवटीं २००६ मध्यें उवांचीच जनुकें तपासलीं गेलीं. रोहितावरील उवा व टिबुकलीच्या कुळांतील उवा ह्या सख्ख्या निघाल्या, आणि बदकांनाच रोहिताकडून उवा मिळाल्या असें दिसून आलें. 'बदकवासी' बाई मूळच्या बदकाच्या नव्हत्याच. नांव मात्र नियमाप्रमाणें तेंच राहिलें.

साक्ष खोटी नव्हती, हें येथें लक्षांत घ्यावें. त्या उवा रोहितावर खरोखरच होत्या, बदकावरहि होत्या. कोणी पक्षी व ठिकाण नीट लिहून ठेविलें होतें म्हणूनच साठ वर्षांनीं तिचा अर्थ उलटून लावतां आला. रानपिंगळ्याच्या खोट्या चिठ्ठीची अशी उलटतपासणी करून कांहींच हातीं लागत नाहीं.

पक्षी जातो तेव्हां त्याची ऊहि जाते, आणि कधीं कधीं पक्षी वांचून ऊ जाते. कॅलिफोर्नियांतील कंडोर नांवाचीं प्रचंड गिधाडें नामशेष होऊं लागलीं, तेव्हां १९८७ पर्यंत तीं सारीं पकडून पिंजऱ्यांत आणलीं व औषधानें त्यांच्या उवा मारल्या. कंडोर वांचला, त्याच्यावरील एक ऊ, जिचें वर्णन १९६३ मध्येंच झालें होतें, ती पुन्हां दिसली नाहीं. पक्ष्यास तिचा फारसा उपद्रव होता असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्याकडे गुरांच्या दुखण्यावरील डायक्लोफेनॅक ह्या औषधानें गिधाडें मेलीं. २००६ मध्यें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली, तोंवर गांवोगांवचीं आकाशें रिकामीं झालीं होतीं. त्या गिधाडांच्या पिसांतील उवांचा शोक करावयास कोण बसलें आहे?

वन्य पक्ष्यास हात लावावयाचा तर सरकारी परवानगी लागते, आणि तें योग्यच आहे. म्हणून आमच्या पेटींत आहेत त्या काकांच्या कबुतरांवरील आणि एका पालकांनीं आपल्या घरच्या कोंबडीवरून मोठ्या प्रेमानें पाठविलेल्या उवांच्या मिळून अकरा काचपट्ट्या. प्रत्येकीवर चार ओळींची चिठ्ठी आहे. अक्षर विद्यार्थ्यांचें आहे आणि तें वाचतां येतें. नेरूळच्या तळ्यांत टिबुकल्या बाराहि महिने बुड्या मारीत असतात. त्यांच्यावरची ऊ आम्हीं अद्याप पाहिलेली नाहीं.