वाद्यमेळ आणि श्रोता

चित्रपट पाहून परतलेला मनुष्य कथेविषयी बोलतो, नटनटींविषयी बोलतो, गाण्यांचे मुखडेही गुणगुणतो. परंतु ज्याने त्याचे डोळे ओले केले त्या वाद्यमेळाचे नाव तो सहसा काढीत नाही. घरात चोर शिरावा, ऐवज घेऊन जावा आणि घरधन्यास कूसही पालटावी लागू नये, तशातला हा प्रकार आहे. आमच्या मारेगावासारख्या कापसाच्या गावी वाद्य म्हटले म्हणजे डफडे, सनई, भजनातील टाळमृदंग, आणि उपासनेच्या वेळी आम्ही वाजवितो ती बाजाची पेटी, एवढाच परिवार. चाळीस-पन्नास व्हायोलिने एका हाताच्या इशाऱ्यावर एकदम वाजताना प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य येथे विरळाच. असे असूनही तो ध्वनी कानी पडताच येथील लहानथोरांची अंतःकरणे हेलावतात, हे आम्ही अनेक वेळा पाहिले आहे, व त्याचे कारण शोधावे असे फार दिवस मनात होते.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचेच घेऊ. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे ऐन लग्नसराईत, प्रदर्शित झाला. त्याचे संगीत अजय व अतुल गोगावले या बंधूंचे. कोणत्याही संगीतशाळेत रीतसर शिक्षण न घेतलेल्या या दोघांनी आपला वाद्यमेळ ध्वनिमुद्रित करण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांत गाठला, व हॉलिवूडच्या चित्रपटांचे संगीत जेथे मुद्रित होते त्या सोनी कंपनीच्या दालनात तेथील वादकांकडून ते वाजवून घेतले. त्या दालनात मुद्रित झालेले हे पहिलेच भारतीय चित्रपटसंगीत होय. करमाळ्याकडील उसाच्या शेतातून, विहिरीच्या काठावरून फिरणारी ती मुलगा-मुलगी, आणि त्यांच्यामागे सातासमुद्रापलीकडील व्हायोलिने! कागदावर ही जोडी विजोड वाटते. पडद्यावर ती मुळीच विजोड वाटत नाही.

ती तशी का वाटत नाही? आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच स्वरावली पुढे चालते. तंबोरा तिला आधार देत मागे बसलेला असतो. पाश्चात्य पद्धतीच्या वाद्यमेळात पुष्कळ स्वरावली एकाच वेळी निघतात. वर व्हायोलिने, खाली चेलोचा भरदार खर्ज, मध्येच दुरून हाक मारावी तसा हॉर्न. ऐकणाऱ्यास त्यांचे पृथक्करण करता येत नाही, करावेसेही वाटत नाही. आपण एखाद्या प्रशस्त जागी येऊन उभे राहिलो आहो, एवढेच त्यास जाणवते. शिवाय गजाने वाजणाऱ्या तारेचा स्वर मनुष्याच्या कंठाप्रमाणे हवा तेवढा लांबविता येतो, हळूहळू फुगविता येतो. तो फुगत चालला म्हणजे श्रोत्याचा श्वासही नकळत रोखला जातो. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील ॲन ब्लड व रॉबर्ट झटोरे या संशोधकांनी २००१ साली, संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत काय घडते हे तपासले. तेव्हा भुकेल्यास अन्न मिळाल्यावर जे भाग जागे होतात त्यांतलेच काही जागे झालेले त्यांस आढळले. म्हणजे स्वर केवळ कानात राहत नाही. तो थेट शरीरावर अंमल चालवितो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ही विद्या आपल्या चित्रपटात प्रथम रुजविण्यात गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा वाटा मोठा आहे. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना व्हायोलिन व स्वरलेखन शिकविण्याचा परिपाठ होता. तेथून निघालेले तरुण मुंबईस आले, आणि संगीत दिग्दर्शकाने पेटीवर गुणगुणलेल्या चालीस वाद्यांचा साज चढविण्याचे काम त्यांनी पत्करले. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. ते १९४३ साली मुंबईस आले; पुढे १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम करणारी स्वतंत्र वादकमंडळी उभी केली. २०१२ साली ते निवर्तले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७ सालच्या एका गाण्यात त्यांचे नाव अमर झाले. पण ते गाणे गाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तो मनुष्य खरोखरीच होऊन गेला, हे सांगितले की ते चकित होतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागील सेबास्टियन डिसोझा हेही असेच पडद्याआड राहिले.

आता थोडे नाजूक प्रकरण. या जिल्ह्यात असा लग्नाचा मांडव दाखविणे कठीण, की जेथे 'सैराट'मधील नाचाचे गाणे वाजले नाही. वराचा काका नाचतो, वधूचा मामा नाचतो. ते गाणे ज्या कथेतील आहे त्या कथेत पाटलाची मुलगी कोळ्याच्या मुलावर प्रेम करते. आणि ज्या मांडवात सर्वजण नाचत असतात तेथील सोयरीक जात विचारूनच जमलेली असते! वाद्यमेळाची ही शक्ती आम्हांस विस्मयकारक वाटते, व किंचित भयावहही वाटते. जो पक्ष मनुष्य आपल्या घरी कधी घेणार नाही, तो पक्ष तेवढ्या वेळापुरता तो आनंदाने घेतो, आणि वाद्ये थांबली की आपल्या पूर्वीच्या जागी जाऊन बसतो.

चतुर दिग्दर्शकास हे ठाऊक असते. १९३७ साली प्रभात कंपनीच्या 'कुंकू' चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत मुळीच योजले नाही. केशवराव भोळ्यांसारखे संगीतकार हाताशी होते. तरी वृद्धाशी लग्न लावून दिलेल्या त्या मुलीच्या दुःखास वाद्यांची झालर लावली नाही. भोवतालचे नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले. 'सैराट'चा शेवटही असाच आहे. इतका वेळ वाद्यांनी आपल्याला हाताला धरून नेलेले असते, आणि शेवटच्या प्रसंगी तो हात सुटतो. लहान मूल रडताना दिसते, पण ऐकू येत नाही.

दहाव्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले असता या चित्रपटाची गोष्ट निघाली. त्यांनी तो घरी, दूरचित्रवाणीवर, मुलीसह पाहिला होता. ते म्हणाले, "सर, शेवटी आवाजच गेला. मले वाटलं टीव्हीच बिघडला. म्या रिमोट दाबत बसलो. पोरगी म्हणे, बाबा, राहू द्या, ते तसंच आहे." थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "बाजा वाजत होता तवर सोपं होतं, सर." एवढे बोलून त्यांनी टोपी सारखी केली, आणि यंदाच्या कापसाच्या भावाविषयी बोलू लागले.