मालक बाहेर, किल्ली आत

पुणे शहराला बंद दाराचे प्रेम फार. दुपारी एक ते चार दुकानाचे दार लावून घेण्याच्या त्याच्या सवयीवर आजवर इतके विनोद झाले आहेत, की त्यांत आणखी एकाची भर घालण्याचे पाप मी करणार नाही. पण कधी सवड काढून जुन्या पेठांतून हिंडावे आणि केवळ दारे पाहत जावे. जे वाडे अजून उभे आहेत, त्यांचे थोरले दार हत्ती यावा एवढे आणि त्याच्या पोटात दिंडी मात्र अशी, की पाहुण्याने आत येताना आपोआप मान लववावी. आत जाडजूड अडसर, वर कडी, कोयंडा, आणि कोयंड्यात नारळाएवढे कुलूप. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर तर हत्तीने धडक मारू नये म्हणून टोकदार खिळे ठोकले आहेत. १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. राहायला कोणी उरले नाही, पण दरवाजा अजून आपल्या जागी खिळे रोखून उभा आहे. आत काही नसले तरी दार नीट लावलेले असावे, ही खास पुणेरी वृत्ती!

आता गंमत अशी, की बंद दारांच्या या गावात खुद्द मालकच बाहेर राहिल्याचीही थोर उदाहरणे आहेत. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर लाल महाल आहे. आज दिसते ती इमारत महापालिकेने अलीकडे उभारलेली. मूळ महाल केव्हाच गेला. त्या मूळ महालात शिवाजी महाराजांचे बालपण गेले. पुढे शाहिस्तेखान पुण्यात उतरला आणि त्याने मुक्कामाला नेमकी हीच जागा धरली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज आत शिरले ते थोरल्या दारातून नव्हे. मुदपाकखान्याच्या बाजूला भिंत फोडून! शाहिस्तेखानाची बोटे गेली हे आपण शाळेपासून घोकतो. पण भिंत फोडणारा माणूस स्वतःच्या घरात शिरत होता, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. कुठला कोपरा कुठे वळतो हे त्याला अंधारात ठाऊक होते, ते उगीच नव्हे.

दुसरे उदाहरण पेशवाईच्या उत्तरकाळचे. त्या वेळी पुण्यात रात्री तोफ होई. तोफेनंतर जो रस्त्यावर सापडेल त्याला कोतवालाची माणसे धरून नेत आणि सकाळी सोडत. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोन नावाचा एक आयरिश अधिकारी पेशव्यांच्या चाकरीत होता. त्याने लिहून ठेवले आहे, की हा नियम इतका कडक, की अवेळी बाहेर सापडल्यामुळे एकदा खुद्द पेशव्यांनाच रात्रभर अटकेत बसावे लागले. ज्याच्या नावाने तोफ उडायची, त्यालाच तोफेने बाहेर ठेवावे! पहाऱ्यावरच्या त्या शिपायाचे नाव इतिहासाने नोंदवले नाही, याची मला फार चुटपुट लागते.

गेल्या मे महिन्यात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात भर उन्हात उभा असताना मला हे दोन्ही प्रसंग आठवले. कारण समोर भाच्याची गाडी होती, तिची चारही दारे बंद होती, आणि किल्ली डिकीत होती.

झाले होते ते असे. भाचा नाशिकचा. तो मला आणि माझ्या आत्याला घेऊन वाईला निघाला होता. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. माहेरपण संपवून ती आपल्या घरी परत चालली होती, आणि वाटेत मंडईतून हापूसच्या दोन पेट्या घेतल्याशिवाय माहेरपण पुरे कसे होणार? मंडईपाशी गाडी लावणे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. आर्यनच्या वाहनतळावर जागा नव्हती, मिनर्व्हाच्या वाहनतळावर नव्हती. (ही दोन्ही नावे पाडून टाकलेल्या चित्रपटगृहांची. त्यांतले आर्यन हे पुण्यातले पहिले चित्रपटगृह, १९१५ सालचे. आता तिथे तिकीट काढून माणसांऐवजी मोटारी बसतात.) अखेर बोळात एक उन्हाची जागा मिळाली.

मंडईची ती अष्टकोनी इमारत १८८६ पासूनची. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आंबे निवडून होईपर्यंत आत्याने ही हकीकत मला दोनदा सांगितली आणि आंबेवाल्याला एकदा.

परत आलो. भाच्याने डिकी उघडली, पेट्या ठेवल्या, पेट्या नीट बसाव्यात म्हणून दोन्ही हात मोकळे केले, आणि धाडकन डिकी लावली. नंतर आमच्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरणार नाही. हल्लीच्या काही मोटारींना किल्ली आत राहिल्याचे समजते आणि त्या दार लावून घेत नाहीत. ही दहा वर्षांची जुनी, तिला असला शहाणपणा नव्हता.

किल्ली राहिली असती तर हसून सोडले असते. पण आत्याच्या इन्सुलिनची निळी पेटी मागच्या आसनावर होती. जेवणाआधी टोचून घ्यायचे असते. पाऊण वाजला होता. शिवाय उन्हातल्या बंद गाडीत इन्सुलिन फार वेळ तग धरत नाही. औषधाच्या दुकानातून नवे आणावे, तर डॉक्टरांची चिठ्ठी त्याच पेटीत. गाडीची दुसरी किल्ली नाशिकला, म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटरवर.

माणसे जमली. पुण्यात संकटग्रस्ताला मदतीआधी सल्ला मिळतो, पण तो सविस्तर मिळतो. एक गृहस्थ म्हणाले, काच फोडा. दुसरे म्हणाले, मुळीच फोडू नका. तिसऱ्या वयस्कर गृहस्थांनी जुन्या फियाटच्या दाराला पुढे जी छोटी त्रिकोणी काच असायची, ती ढकलून हात आत कसा घालता येई, याचे प्रात्यक्षिक आमच्या गाडीवर करून दाखवले. आमच्या गाडीला तशी काच नाही हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा दोष गाडीचाच ठरला.

काच फोडण्याचा सल्ला मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आत्याच्या पेटीऐवजी आत एखादे मूल असते, तर किल्लीवाल्याला शोधत बसण्यात अर्थच नव्हता. बाहेर पस्तीस अंश असले, की बंद गाडीत दहा मिनिटांत आणखी दहा अंश चढतात आणि अर्ध्या तासात जवळजवळ वीस. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मूल आत असेल तर ११२ किंवा अग्निशामक दलाचा १०१ फिरवावा. आणि मूल मलूल दिसू लागले तर वाट न पाहता त्याच्यापासून सर्वांत लांबची बाजूची काच, मधोमध नव्हे, कोपऱ्यात, टोकदार वस्तूने फोडावी. बाजूच्या काचेचे सहसा बोथट खडे होतात. पुढची मोठी काच मात्र दोन थरांची चिकटवलेली असते. ती तडकते, पण वाट देत नाही.

आमच्या आत मूल नव्हते. आत्याला मी एका दुकानाच्या सावलीत बसवले आणि भाच्याला घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीकडे निघालो. खिळ्यापासून कुलपापर्यंत लोखंडाचे जे म्हणून काही असते, ते या आळीत मिळते. त्याच बाजूला किल्लीवाले बसतात. एक लाकडी पेटी, तिच्यावर घट्ट बसवलेला शेगडा, दोन-चार कानशी, आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांची झुंबरे. यांची एक विद्या मी पूर्वी तासभर उभा राहून पाहिली आहे. मूळ किल्ली नसली, तर कोरी किल्ली काजळीवर काळी करतात, कुलपात घालून हलकेच पिळतात, बाहेर काढून डोळ्यांजवळ धरतात. आतल्या खिट्टीने जिथे ओरखडा काढला असेल, तिथे कानस फिरवतात. पुन्हा घालतात, पुन्हा पाहतात. कुलूपच आपले गुपित थोडे थोडे सांगत जाते.

आम्हाला जे चाचा भेटले, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “गाडीची कागदपत्रं?”

“गाडीत.”

“मोबाइलवर असतील.”

“मोबाइल गाडीत.”

माझ्या मोबाइलवरून सरकारी डिजिलॉकर उघडून पाहू, असे भाच्याला सुचले. चाचांना घेऊन आम्ही गाडीपाशी परतलो. भाच्याने आपला क्रमांक घातला. आता खात्रीचा आकडा येईल, असे माझा मोबाइल म्हणाला. आणि तो आकडा आलाही. बंद काचेआड, पुढच्या आसनावर पालथ्या पडलेल्या भाच्याच्या मोबाइलमध्ये ‘टिंग’ झाले. आम्ही तिघे काचेला नाक लावून पाहत राहिलो.

“मामा, गाडी माझी आहे हो,” भाचा काकुळतीला येऊन म्हणाला. पण मी मामा असल्याचा तरी पुरावा कुठे होता?

चाचा उगाच अडून बसले नव्हते. परक्याची गाडी उघडून दिली, तर उद्या पोलीस त्यांच्याच पेटीपाशी येणार. त्यांनी काचेतून आत नजर टाकली आणि म्हणाले, “इथनं दिसत नाही असं काहीतरी सांगा.”

भाचा गडबडला. स्वतःच्या गाडीच्या खणात काय आहे, हे किती जणांना सांगता येईल? तोवर आत्या सावलीतून उठून आली होती. ती म्हणाली, “पुढच्या खणात माझा अडकित्ता आहे. पितळी. मुठीला लाल दोरा गुंडाळलाय, आणि एक पातं थोडं वाकडं आहे.”

चाचांनी तिच्याकडे पाहिले आणि पेटी उघडली. दाराच्या फटीत त्यांनी एक चपटी रबरी पिशवी सारली आणि फुगा दाबून तिच्यात हवा भरू लागले. रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात ना, तशी! आत्याला ती ओळखीची वाटली. “काय हो, गाडीचं प्रेशर वाढलंय का?” तिने विचारले. फट बोटभर रुंदावली. तिच्यातून एक लांब, टोकाला वाकवलेली सळई आत गेली, दोनदा निसटली आणि तिसऱ्यांदा खटक्यावर बसली. पूर्वी काचेच्या कडेने पत्र्याची पट्टी खाली सरकवीत. हल्ली दारातून तारा गेलेल्या असतात, पट्टीने त्या तुटतात, असे ते काम करता करता सांगत होते.

दार उघडले. भाचा पुढे झाला तसा चाचांनी हात आडवा धरला. स्वतः वाकून त्यांनी खण उघडला, अडकित्ता काढला, लाल दोरा पाहिला, वाकडे पाते पाहिले आणि तो जमलेल्या मंडळींना दाखवून आत्याच्या हाती दिला. “आजी, तुमची पेटी घ्या. जेवून घ्या.” मग भाच्याला म्हणाले, “आता कागद.” कागदावरचे नाव आणि परवान्यावरचे नाव जुळल्यावरच त्यांनी आपले तीनशे रुपये घेतले.

आत्याने दुकानाच्या मागल्या बाजूला जाऊन इंजेक्शन घेतले. जेवण झाल्यावर भाचा पुन्हा बोहरी आळीत गेला आणि मूळ किल्लीवरून एक साधी लोखंडी किल्ली घासून घेतली. हिने दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही, असे चाचांनी बजावले. अस्सल किल्लीच्या मुठीत एक चीप असते, ती जवळ असल्याशिवाय इंजिन दाद देत नाही.

ती किल्ली ठेवायची कुठे, यावर कात्रजपासून खंबाटकी घाटापर्यंत चर्चा झाली. पाकिटात ठेवावी तर पाकीट गाडीत राहायचे. गाडीत ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी आत्याने हात पुढे केला आणि ती आपल्या कमरेच्या जुडग्यात, कोठीच्या आणि देवघराच्या किल्लीशेजारी ओवून टाकली. भाच्याला नाही म्हणता आले नाही. तेव्हापासून गाडी नाशिकला आहे आणि तिची जादा किल्ली वाईला.