अडलेला दांडा

माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल, तर हातातलं यंत्र अडलं की तो काय करतो ते पाहावं. मी स्वतः जोर लावणाऱ्यांपैकी. शिवणयंत्राचं चाक अडलं की मी ते रेटते, सुई मोडते आणि मग यंत्राला नावं ठेवते.

गेल्या सुट्टीत अमेरिकेत, ॲरिझोनात, धाकट्या भावाकडे गेले होते. त्याच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना नेमबाजीचा नाद, आणि काडतुसं ते घरीच भरतात. आपल्याकडे परवान्यावाचून हे करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा. तिथं मात्र मोटारीशेजारच्या मेजावर हा उद्योग आपण पापड लाटावेत तसा चालतो. "ताई, बघायचंय का?" भावानं विचारलं. मराठीच्या प्राध्यापिकेला दारूगोळ्याशी काय कर्तव्य? पण गेले.

यंत्र मोठं गमतीचं. एका फिरत्या तबकडीला पाच घरं. प्रत्येकात एक झाडलेली पुंगळी. दांडा ओढला की सगळ्या घरांत एकदमच काम होतं. कुठं जुना प्रायमर निघून पुंगळी दाबून मापात येते, कुठं मोजकी दारू पडते, कुठं गोळी बसते, कुठं तोंड आवळलं जातं. दांडा मागं ढकलला की नवा प्रायमर बसतो आणि तबकडी एक घर पुढं सरकते. एकदा सगळी घरं भरली, की दर ओढीला एक तयार काडतूस खणकन खाली पडतं. त्या तालाची मला भूलच पडली.

एवढ्यात दांडा अर्ध्यावर अडला. "जरा जोरानं ढकला," असं मी म्हणणार, तोच त्यांनी हात काढून घेतला. तिरपा बसलेला प्रायमर रेटला तर तिथल्या तिथं उडायचा! त्यांनी पाचही पुंगळ्या बाहेर काढल्या आणि दिव्याखाली धरून एकेकीत डोकावून पाहिलं. तबकडीखाली दारूचे कण साचले होते. ते कुंचल्यानं झाडले, ढिला झालेला स्क्रू आवळला, आसाला थेंबभर तेल दिलं. प्रायमरच्या वाटेवर मात्र तेलाचा थेंब पडू दिला नाही. तेलानं प्रायमर निकामी होतो.

"अडलेलं यंत्र दुरुस्त करणं सोपं," ते म्हणाले, "धोका त्यानंतरच्या पहिल्या ओढीत. आपण कुठवर आलो होतो, ते मनाला आठवतंसं वाटतं, पण आठवत नसतं."

एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली, तर बंदूक हातात फुटू शकते. मुळीच पडली नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत जाऊन रुतते, आणि पुढची झाडली की नळी फाटते. म्हणून यंत्र थांबलं की घरं रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी गप्प झाले. काही वर्षांपूर्वी अशीच तालात उत्तरपत्रिका तपासत होते. दारावरची घंटा वाजली, पाहुण्यांचा चहा झाला, आणि परत येऊन मी खुशाल पुढची उत्तरपत्रिका ओढली. अर्धवट राहिलेल्या उत्तरपत्रिकेतल्या पुरवणीचे गुण बेरजेत आलेच नाहीत. मुलगी नापास झाली. फेरतपासणीत चूक सापडली, निकाल दुरुस्त झाला. पण तोवर तिचा पुढचा प्रवेश हुकला होता. गुणपत्रिका दुरुस्त करता येते. गेलेलं वर्ष कुठल्या कुंचल्यानं झाडून परत आणायचं?

हल्ली तपासताना कुणी हाक मारली, तर मी उठते. परत आल्यावर मात्र गठ्ठ्यातल्या शेवटच्या पाच उत्तरपत्रिका उलट्या काढून पुन्हा बेरीज करते. घरातली माणसं हसतात. "पाचच का?" म्हणून विचारतात.

तबकडीला घरं पाच असतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?